शेजारच्या कॉलेजचं पुस्तक: महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सामायिक संग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सहा महाविद्यालयं दोन तालुक्यांत विखुरलेली आहेत. सगळी अनुदानित, सगळ्यांचं पुस्तकखरेदीचं बजेट जेमतेम. गेली काही वर्षं आम्ही सहाही ग्रंथपाल एकमेकांना विचारून पुस्तकं घेतो. कुठल्याही चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हातात ताट घेऊन कोणीतरी विचारतंच, "सर, तुमचं ते सामायिक प्रकरण चालतं तरी कसं?" भात संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. उरलेलं इथे.

हे आंतरग्रंथालयीन देवघेवीपेक्षा वेगळं कसं?

देवघेवीत पुस्तक कोणीतरी आधीच घेतलेलं असतं, आपण ते मागतो. सामायिक संग्रहात विचारपूस खरेदीच्या आधी होते. कोणी काय घ्यायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणी काय घ्यायचं नाही, आणि घेतलेलं किती वर्षं सांभाळायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

पहिल्या बैठकीत आम्ही एकच काम केलं. सहा दाखल नोंदवह्या (आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात चढवतात त्या) एका टेबलावर मांडल्या आणि मागच्या तीन वर्षांची पानं उलटली. एका गाजलेल्या आत्मचरित्राच्या सहा कॉलेजांत मिळून एकतीस प्रती निघाल्या. स्पर्धा परीक्षांचे तेच ते संच सगळीकडे. आणि आपल्याच जिल्ह्याच्या गॅझेटिअरची धड प्रत एकाकडेही नाही. जी एक होती तिच्यातला नकाशा कोणीतरी ब्लेडने कापून नेलेला. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मार्चअखेर येते, पैसे परत जाऊ नयेत म्हणून घाई होते, विक्रेता यादी आणून देतो, आपण खुणा करतो. सहाही ठिकाणी विक्रेता एकच होता, हेही त्या दिवशीच कळलं.

ही कल्पना तुमच्या डोक्यातून निघाली का?

नाही हो. ती ऐंशी वर्षं जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातली पुस्तकं अमेरिकेत पोचेनाशी झाली, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांच्या लक्षात आलं की संशोधनाला लागणारी कितीतरी परदेशी पुस्तकं देशात कोणाकडेच नाहीत. १९४२च्या ऑक्टोबरात कनेटिकट राज्यातल्या फार्मिंग्टन गावी ते एकत्र बसले. पुढे 'फार्मिंग्टन योजना' म्हणून ओळखली गेलेली व्यवस्था तिथे सुचली आणि १९४८ साली फ्रान्स, स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या पुस्तकांपासून सुरू झाली. नियम साधा होता: संशोधनाच्या उपयोगाच्या प्रत्येक नव्या परदेशी पुस्तकाची निदान एक प्रत देशातल्या कुठल्यातरी ग्रंथालयात आली पाहिजे आणि तिची नोंद सगळ्यांना दिसली पाहिजे. विषय वाटून घेतले होते. ज्याच्याकडे जो विषय, त्याने त्या विषयाचं पुस्तक आवडो न आवडो, घ्यायचं.

१९७२ साली ही योजना बंद पडली. मोठ्या विद्यापीठांनी परदेशी विक्रेत्यांशी परस्पर व्यवहार सुरू केले, बजेटं आखडली, आणि दुसऱ्यासाठी पुस्तक घेण्याचा उत्साह ओसरला. आम्ही कामाला लागण्याआधी या योजनेच्या शेवटाबद्दलच जास्त वाचलं. नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा सल्लाही तोच आहे.

पीएल ४८०चं नाव तुम्ही सारखं घेता. तो तर रेशनचा लाल गहू होता ना?

तोच. घरातल्या जुन्या माणसांसमोर पीएल ४८० म्हटलं की त्यांना अजून त्या पोळ्या आठवतात. पण त्या गव्हाच्या पैशातून मराठी पुस्तकं अमेरिकेला गेली, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

पीएल ४८० म्हणजे अमेरिकेचा 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा. झालं असं की १९५४च्या त्या कायद्याखाली भारताने धान्याचे पैसे डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत द्यायचे होते. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर जमा होत, पण बहुतांशी खर्च भारतातच करावे लागत. ढीग साठला. (१९७४ साली त्यातले १,६६४ कोटी रुपये एकाच धनादेशाने भारताला परत केले गेले, इतका तो ढीग.) १९५८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन असल्या परकीय चलनातून पुस्तकं घेण्याची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला, मिळाली आणि १९६२पासून त्यांच्या दिल्ली कार्यालयातून खरेदी सुरू झाली. मराठी, तमिळ, बंगाली, जी भाषा असेल तिच्यातली नवी पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल विक्रेत्यांमार्फत दिल्लीला येत. एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती घेतल्या जात आणि सहभागी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जहाजाने धाडल्या जात. काय काय घेतलं त्याची छापील यादी निघे, आणि ती ग्रंथसूची म्हणून आजही उपयोगी पडते.

ग्रंथपालाच्या नजरेने पाहिलं तर यात दोन गोष्टी आहेत. पहिली चांगली: खरेदीचं टेबल एकच. शिकागोचा, मिनेसोटाचा, बर्कलीचा ग्रंथपाल वेगवेगळा पुण्याला पत्र लिहीत बसला नाही. मराठी जाणणारी माणसं दिल्लीत बसली आणि त्यांनी सगळ्यांचं काम केलं. दुसरी गोष्ट धड्यासारखी आहे. पैसे फुकटचे होते तोवर सुरुवातीला सहभागी ग्रंथालयांनी जवळजवळ सगळंच घेतलं. त्यामुळे एकच पुस्तक अनेक ठिकाणी आणि तालिकीकरणाविना, म्हणजे यादीत नोंद न होता, पडलेले गठ्ठे सगळ्यांकडे, अशी अवस्था झाली. ऐंशीच्या दशकात ते रुपये संपले. ग्रंथालयांना स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागले, आणि मग कुठे प्रत्येकाने नीट लिहून द्यायला सुरुवात केली की आम्हाला कोणती भाषा, कोणते विषय आणि किती खोलवर हवेत. दिल्लीहून चालणारा तो सहकारी खरेदीचा कार्यक्रम आजही सुरू आहे.

एलिनॉर झेलिएट किंवा ॲन फेल्डहाउस यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रावर आयुष्य वेचलं, त्यामागे त्यांची इथली पायपीट आहेच. पण तिकडच्या विद्यापीठात मराठी कपाट असणं ही गोष्टही लहान नाही. उलट बाजूचा अनुभव मला दोनदा आला आहे. १९६०-७०च्या दशकातलं एखादं पातळ पुस्तक जिल्ह्यात कुठे मिळत नाही म्हणून वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित यादीत शोधावं, तर पहिली नोंद शिकागोची निघते.

सुरुवात किती ग्रंथालयांनी करावी?

चार ते सात. एका एसटीच्या अंतरात असलेली. सगळे ग्रंथपाल एका टेबलाभोवती बसून चहा पिऊ शकतील एवढीच. संस्था वेगवेगळ्या असल्या तरी चालतं. उलट बरं, कारण एकाच संस्थेची कॉलेजं असली की निर्णय वरून येतो आणि वरचा माणूस बदलला की निर्णयही जातो.

सामंजस्य करार आधी करू नका. आधी सहा महिने नुसत्या खरेदीच्या याद्या एकमेकांना पाठवा. ज्यांना एवढंही जमत नाही ते कोण हे तेवढ्यात कळतं. मग करार.

विषयांची वाटणी कशी केली?

ज्याची जी बाजू आधीपासून भक्कम, ती त्याला. एका कॉलेजात जुन्या प्राचार्यांनी जमवलेला इतिहासाचा संग्रह होता, इतिहास आणि स्थानिक साधनं त्यांच्याकडे. एकाकडे अर्थशास्त्राचं पदव्युत्तर केंद्र, म्हणून सहकार आणि शेतीचं अर्थकारण त्यांच्याकडे. मराठी समीक्षा आणि भाषाविज्ञान आमच्याकडे. क्रमिक पुस्तकं, पुस्तक पेढी, स्पर्धा परीक्षा हे सगळं वाटणीच्या बाहेर. ते ज्याचं त्याने घ्यायचं, आणि मुलांना हवं तेवढं घ्यायचं. त्यात काटकसर करायला गेलात तर सत्राच्या पहिल्याच आठवड्यात काउंटरवर भांडण होईल.

सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल तर दिवाळी अंकांवर. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेली ही परंपरा. दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि आम्ही सहाही जण तेच नावाजलेले दहा-पंधरा घ्यायचो. डिसेंबरात ते वाचनकक्षातल्या टेबलावर, मार्चपर्यंत मुखपृष्ठं फाटलेली, जूनमध्ये रद्दीत. आता नावाजलेले अंक वाटून घेतले आहेत, प्रत्येकाकडे थोडे. वाचलेल्या पैशातून प्रत्येकाने आपल्या भागात निघणारे लहान अंक घ्यायचे: साखर कारखान्याचा, शिक्षकांच्या पतपेढीचा, एखाद्या वाचनालयाचा. वाचून झाले की ते एका कॉलेजात जातात. तिथले शिपाई मामा त्यांच्या पाठीतल्या पिना पक्कडीने काढतात, कारण पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंज पानाला खातो. मग दोऱ्याने शिवून, साल आणि गाव घालून बांधणी. पहिल्या वर्षीच्या बांधीव खंडात एका सेवानिवृत्त तलाठ्याचा गावच्या पाणीवाटपावरचा लेख निघाला. त्या एका लेखासाठी पीएच.डी. करणारी एक मुलगी दोनदा येऊन गेली.

प्राध्यापक ऐकतात का?

पहिल्या वर्षी नाही. "म्हणजे माझ्या विषयाचं पुस्तक मी बावीस किलोमीटरवर जाऊन वाचायचं?" हा प्रश्न एका मॅडमनी ग्रंथालय समितीच्या बैठकीत विचारला, आणि तो रास्त होता. त्यातून नियम निघाला. प्रत्येक विभागाला वर्षाला दोन पुस्तकं हक्काची. कोणाला न विचारता घ्यायची, मग ती शेजाऱ्याकडे असोत नसोत. गंमत म्हणजे हा हक्क दिल्यापासून तो क्वचितच वापरला जातो.

दुसरं, पुस्तक माणसाकडे गेलं पाहिजे, माणूस पुस्तकाकडे नव्हे. ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथनांचे पाच नियम (१९३१) आपण परीक्षेला पाठ केलेले असतात, त्यातला 'वाचकाचा वेळ वाचवा' इथे खरोखर कामाला येतो. एकदा पुस्तक वेळेत हातात पडलं की ते कोणाच्या शिक्क्याचं आहे हे प्राध्यापक बघतही नाहीत.

पुस्तक कोणाच्या मालकीचं? लेखापरीक्षक काय म्हणतात?

ज्याने पैसे दिले त्याचं. दाखल क्रमांक त्याचा, शिक्का त्याचा. सामायिक मालकीच्या भानगडीत पडूच नका. आमच्या पुस्तकांच्या पाठीवर फक्त एक पिवळा ठिपका असतो. ठिपका म्हणजे हे सहांच्या यादीतलं आहे, विचारल्याशिवाय निर्लेखित करायचं नाही, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकायचं नाही.

लेखापरीक्षणात प्रश्न येतो तो 'पुस्तक कपाटात नाही, मग कुठे आहे' हा. त्यासाठी देवघेवीची वेगळी नोंदवही ठेवा. संगणकावर असलं तरी सहीचा कागद हवा. हरवलेल्या पुस्तकांबाबत केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ दाखवता येतो. वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ होणं तो वाजवी धरतो, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. मात्र एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक हरवलं तर चौकशी करावीच लागते. मोजदादीचंही त्यात आहे: वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण, वीस ते पन्नास हजारांना निदान तीन वर्षांतून एकदा. हे नियम तुमच्या कॉलेजला थेट लागू नसतीलही, पण साहेबांसमोर हातात काहीतरी असलेलं बरं.

येता-जाता पुस्तक खराब झालं तर?

झालं आहे, आणि चूक माझी होती. जुलै महिना, मोटरसायकलच्या डिकीत दोन पुस्तकं, प्लॅस्टिकची पिशवी घालायला विसरलो. पोचेपर्यंत एक पुस्तक भिजून पावासारखं फुगलं होतं. पानांत टिपकागद घालून पंख्याखाली चार दिवस ठेवलं, तरी लाटा गेल्या नाहीत. ठराव असा आहे की नेणारं कॉलेज भरपाई देतं: तीच आवृत्ती, नाहीतर चालू किंमत. मी आवृत्ती शोधून दिली. त्यानंतर आम्ही झाकणाचे सहा प्लॅस्टिक डबे घेतले, भाजीवाल्यांकडे असतात तसले. सबंध कार्यक्रमातली ही सर्वांत शहाणपणाची खरेदी.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

आमच्यात दोघांकडे कोहा, तिघांकडे सोल, एकाकडे ई-ग्रंथालय. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेण्याची वाट पाहिली असती तर आज हे लिहीत बसलो नसतो. प्रत्येकाने आपली यादी स्प्रेडशीटमध्ये काढायची आणि ती एकत्र करायची, एवढ्यावर भागतं.

अडचण यादीच्या आतली आहे. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसतो, त्यामुळे संगणकाला दोन नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत हे कळत नाही. एकीकडे 'खांडेकर, वि. स.', दुसरीकडे 'वि. स. खांडेकर', तिसरीकडे 'विष्णू सखाराम', चौथीकडे सगळं रोमन लिपीत आणि तेही प्रत्येकाच्या मर्जीप्रमाणे. त्यात दोन कॉलेजांच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेल्या. फाइल उघडली की कुत्रं-मांजर दिसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बसून आम्ही फक्त पिवळ्या ठिपक्याच्या विषयांच्या नोंदी सरळ केल्या. सगळा संग्रह एकदम करायला घेऊ नका. कोणीही पुरं करू शकलेलं मी पाहिलं नाही.

आता सगळं ऑनलाइन मिळतं. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' आल्यावर याची गरज काय?

सरकारी संस्थांना संशोधनपत्रिका ऑनलाइन देणारी केंद्र सरकारची ती योजना १ जानेवारी २०२५पासून सुरू झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३००हून अधिक सरकारी संस्था. मोठीच गोष्ट आहे, आणि खरं तर तोही सहकारी संग्रहच, फक्त केंद्र सरकारने चालवलेला. पण त्यात मुख्यतः आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका आहेत. आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागणारा १९५०च्या दशकातला मराठी ग्रंथ, तालुक्याच्या बाजार समितीचा अहवाल किंवा वर सांगितलेला पतपेढीचा दिवाळी अंक त्यात येणार नाही. ज्ञानपत्रिका वरून येऊ देत, घेऊ. मातीतलं आपणच सांभाळायचं आहे.

जुनी पुस्तकं काढून टाकताना कसं ठरवता?

इथे सगळ्या कार्यक्रमाचा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर.

जागा कोणाकडेच नाही. निर्लेखन करावंच लागतं. आधी काय व्हायचं, पाच वर्षांत कोणी वाचायला न नेलेलं पुस्तक प्रत्येकजण काढायचा. सगळ्यांकडे तेच पुस्तक कोणी नेलेलं नसायचं, म्हणून सगळ्यांकडून एकाच सुमारास ते रद्दीत जायचं. जिल्ह्यातली शेवटची प्रत कधी गेली हे कोणालाच कळायचं नाही.

आता निर्लेखनाची यादी आधी सहा जणांकडे फिरते. तीस दिवस थांबायचं. दुसऱ्या कोणाकडे प्रत नसेल तर पुस्तक काढता येत नाही. यादी करणाऱ्याने ठेवायचं, किंवा ज्याचा तो विषय आहे त्याच्याकडे द्यायचं. ज्याने ठेवलं त्याने पंधरा वर्षं ठेवायचं. पंधराचा आकडा आम्ही अमेरिकेच्या ईशान्येकडच्या 'ईस्ट' या ग्रंथालयसमूहाकडून उचलला. तिथे सभासद ग्रंथालयं आपापल्या छापील पुस्तकांबद्दल पंधरा वर्षांची हमी देतात. शिकागोच्या 'सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज'ची तर १९४९ सालीच कमी वापरातली पुस्तकं एकत्र ठेवायला स्थापना झाली होती. प्रिन्स्टनजवळच्या 'रिकॅप'मध्ये कोलंबिया, प्रिन्स्टन, हार्वर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांची पुस्तकं शेजारी शेजारी राहतात, आणि तीही विषयानुसार नाही, उंचीनुसार रचलेली. वर्गीकरण शिकवणाऱ्या आमच्या सरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला असता. पण जागा त्यानेच वाचते.

आमच्याकडे इमारत नाही. एका कॉलेजच्या जिमखान्यामागची खोली आहे. दोन वर्षं झगडून तिच्यातली ओल काढली, खालचे कप्पे रिकामे ठेवले, वाळवीचा बंदोबस्त केला. शेवटच्या प्रती तिथे.

दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांना पाठवली तर?

लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर खुशाल. हक्क जिवंत असतील तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची आणि भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती काढण्याची सवलत त्यात आहे, पण ती 'बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालया'ला. आपलं ग्रंथालय त्यात बसतं का हे आधी वकिलाला विचारा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवणं कशातच बसत नाही.

महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाला उपयोग होतो का?

करार आणि देवघेवीची नोंदवही दाखवता येते. होतो. पण त्यासाठीच करायचं असेल तर करू नका.

कार्यक्रम बंद कशाने पडेल?

ग्रंथपाल निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. दुसरं कुठलंही कारण यापुढे फिकं आहे. आमच्या सहांपैकी एका ठिकाणी असंच झालं. किल्ली कार्यालयात, प्रभारी म्हणून एक प्राध्यापक, त्यांना पिवळा ठिपका म्हणजे काय हे माहीत नाही. एका शनिवारी रद्दीवाला आला तेव्हा तिथल्या शिपायाने मला फोन केला म्हणून चाळीस पुस्तकं वाचली. तेव्हापासून करारावर ग्रंथपालाबरोबर प्राचार्यांची आणि एका ग्रंथालय परिचराची अशा तीन सह्या घेतो, आणि ठिपक्याचा अर्थ कपाटावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो.

विद्यार्थ्याला पुस्तक किती दिवसांत मिळतं?

मंगळवारी आणि शुक्रवारी डबा फिरतो. सोमवारी दुपारी दोनच्या आत चिठ्ठी दिली तर मंगळवारी संध्याकाळी पुस्तक काउंटरवर. परीक्षेच्या काळात शनिवारीही. बारा मार्चनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत फेरी बंद असते, तेव्हा स्वतः जाऊन घ्यायचं झालं तर आमच्या सहीचं पत्र लागतं. ते काउंटरवर मागा.